मौरा कायद्यापूर्वीचा फिलिपिन्सचा गावकारभार

स्पेनचे वसाहतमंत्री अंतोनियो मौरा यांनी 19 मे 1893 रोजी फिलिपिन्ससाठी नगरकारभाराचा कायदा आणला. त्याआधीच्या गावकारभाराची मुळे करवसुलीत होती.

बारंगाय म्हणजे दातू या प्रमुखाच्या हाताखालची वस्ती. स्पॅनिशांनी ती मोडली नाही. दातूला ‘काबेसा दे बारंगाय’ करून त्याच्याकडे साधारण 40 ते 50 कुटुंबांची वसुली दिली. मोबदला म्हणून त्याला कर आणि वेठ माफ. मेख होती ती जबाबदारीत. यादीतला माणूस मेला किंवा परागंदा झाला आणि नाव वेळेत कमी झाले नाही, तर तूट काबेसाने पदरची भरायची. त्यात त्याची जमीन-जनावरे जात. एकेकाळी वंशपरंपरेने मिरवलेले हे पद 19 व्या शतकात लोक टाळू लागले.

त्याच्या वर गावाचा प्रमुख ‘गोबेर्नादोरसिलो’. 1847 च्या नियमानुसार त्याला मावळता गोबेर्नादोरसिलो आणि आजी-माजी काबेसांतले 12 असे 13 जण निवडत. प्रांताचा ‘अल्काल्दे मायोर’ हाच प्रशासक आणि न्यायाधीशही. 1844 पर्यंत तर त्याला व्यापाराचा परवानाही मिळे. ज्याच्याकडे फिर्याद न्यायची तोच मालाचा खरेदीदार, मग शेतकऱ्याने दाद कुठे मागायची?

1884 मध्ये जुना कर जाऊन ‘सेदुला’ हे वैयक्तिक करपत्र आले आणि वेठ वर्षाला 40 दिवसांवरून 15 वर आली. 1886 मध्ये लुझोन या मुख्य बेटाच्या प्रांतांत मुलकी गव्हर्नर आणि न्यायाधीश वेगळे झाले. आमच्या मते खरी सुधारणा हीच.

मौरांनी गावाला पाच जणांचे मंडळ दिले: ‘कापितान मुनिसिपाल’ आणि त्याचे चार सहायक. सहायकांपैकी एकाकडे पोलिस, एकाकडे शेती, एकाकडे गुरे. त्यांना निवडणारे 12 मतदार प्रतिष्ठितांच्या वर्गातलेच: 6 काबेसा, 3 माजी गावप्रमुख आणि 3 मोठे करदाते. सामान्य शेतकऱ्याला मत नव्हते. निवडीवर पाद्री लक्ष ठेवी आणि मंडळावर प्रांताच्या गव्हर्नरचा अंकुश राही. काम गावाचे, शेवटचा शब्द वरचा, ही जुनी गाठ सुटलीच नाही.

1895 च्या आरंभी एमिलिओ आगिनाल्दो, पुढे फिलिपिन्सचे पहिले राष्ट्राध्यक्ष, मनिलाजवळच्या कावित या गावाचे कापितान झाले. ऑगस्ट 1896 अखेर तिथे स्पेनविरुद्ध उठाव झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.