जुन्या गाडीचं इंजिन बांधायचं की बदलायचं? आधी आरसी बुक काढा

कोकणातल्या गावच्या शेडमध्ये पद्मिनी नाहीतर अ‍ॅम्बेसेडर उभी आहे, इंजिन जाम झालंय, आणि मेस्त्री म्हणतो दुसरं टाकूया, मुंबईहून वापरलेलं चालू इंजिन मिळतं, कशाला बोअर करत बसता. पैशाच्या हिशोबात तो चुकत नसेलही, पण कागदांचा हिशोब वेगळा असतो आणि बहुतेकांना तो इंजिन उतरवल्यावरच कळतो.

इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो, बाकी सगळं यावरनं ठरतं. ब्लॉक तोच ठेवून रीबोअर करा (सिलिंडर आतनं कोरून थोडा मोठा करणं), पिस्टन-रिंगा नव्या टाका, क्रँक ग्राइंड करा, हेड फेसिंग करा, बोअर फारच मोठा झाला असेल तर स्लीव्ह, म्हणजे आतनं नळी, टाकून परत मूळ मापाला आणा, ही सगळी दुरुस्तीच झाली, त्याला आरटीओची परवानगी लागत नाही. बिलं ठेवा म्हणजे झालं. फक्त आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ब्लॉक बाहेरनं गंजलेला असतो, मग ग्राइंडर लावून साफ करताना नंबरच घासला जातो, तेव्हा आधी त्याचा फोटो काढा, पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा) घ्या आणि त्यावर टेप चिकटवूनच काम सुरू करू द्या. नंबर वाचता आला नाही तर पुढे आरसी रिन्यूअलच्या तपासणीत उत्तरं देत बसावं लागतं.

ब्लॉकलाच तडा गेलाय किंवा इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं जॅकेट आतनं कुजलंय, तर मात्र बदलण्याशिवाय इलाज नाही. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 येतं. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन असेल तर प्रकरण सोपं, म्हणजे पद्मिनीत पद्मिनीचंच 1089 सीसी. मारुतीचं इंजिन किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या पेट्रोल गाडीत डिझेल बसवायचं असेल तर आधी लेखी मंजुरी, नंतर काम, आणि जुन्या गाडीला ती मिळेलच असं धरून चालू नका. मंजुरीशिवाय केलेल्या बदलाला कलम 182अ आहे, दंड प्रत्येक बदलाला 5,000 रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. बदल झाला की 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची.

अर्ज सरकारच्या परिवाहन पोर्टलवर ऑनलाइन, आणि गाडी ज्या आरटीओची तिथे दाखवायला न्यायची, रायगडची एमएच-06, सिंधुदुर्गची एमएच-07, रत्नागिरीची एमएच-08. सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, इंजिन आणि चेसिसची पेन्सिल प्रिंट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनाचं बिल. भंगारवाल्याने कोऱ्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी बिल म्हणून चालणार नाही. इंजिन ज्या गाडीतनं निघालं तिच्या आरसीची कॉपी मागा आणि पैसे द्यायच्या आधी तो नंबर चोरीच्या यादीत नाही ना हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर बघून घ्या. विकणारा आरसीची कॉपी द्यायला टाळाटाळ करत असेल तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी सोडून द्या.

आता ज्यांना व्हिंटेज, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या गाडीची खास नोंदणी हवी त्यांनी जास्त लक्ष द्या. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते, पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे आज स्वस्तात दुसरंच इंजिन टाकलंत तर उद्याची पात्रता तुम्हीच घालवलीत. पद्मिनी हे नाव 1974 चं, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या पद्मिनीच आत्ता कुठे यात येतायत, त्याआधीच्या फियाट 1100 मात्र सहज बसतात. या नोंदणीला लागतं ते फॉर्म 20, इन्शुरन्स, जुनी आरसी, इम्पोर्टेड असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा कागद). नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला 5,000. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, हे मला सगळ्यात आवडलेलं. पण ही गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यापुरतीच रस्त्यावर. गुहागरहून चिपळूणला बाजाराला न्यायची असेल तर व्हिंटेजच्या नादाला लागू नका, साधी आरसी फॉर्म 25 ने पाच-पाच वर्षं रिन्यू करत राहा.

आणि हे सगळं करायच्या आधी गाडी कोणाच्या नावावर आहे ते बघा. बऱ्याच घरांत ती अजून आजोबांच्याच नावावर असते, मग आधी फॉर्म 31 वर वारसाने ट्रान्सफर, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. कधी आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवलेलाच नसतो, त्याला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35. सावंतवाडी, दोडामार्गकडे गोव्याची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला, त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्यांची नोंद रत्नागिरीची असू शकते आणि ती ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवणं, करून घ्यावी लागते, तिथे वेळ जातो, म्हणून मे महिन्याच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत सगळं उरकेल अशी आशा ठेवू नका. इंजिन बदललंच तर आरसीत नवा नंबर चढल्यावर इन्शुरन्स कंपनीकडूनही पॉलिसीत तोच नंबर टाकून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.