समुद्र आपला की समुद्रावरचा वारा आपला?

समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार अशी बातमी आली की चर्चेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं : "२०० मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाच्या मालकीचा, तिथे तो वाटेल ते करू शकतो." दुसरं, तितक्याच ठामपणे : "१२ मैलांपुढे आंतरराष्ट्रीय समुद्र, तिथे कुणाचाच कायदा चालत नाही." दोन्ही चूक, आणि दोन्ही चुकांचं मूळ एकच. प्रादेशिक समुद्र (१२ मैलांपर्यंतचा) आणि अनन्य आर्थिक क्षेत्र (त्यापुढे २०० मैलांपर्यंतचं) यांत फरक फक्त अंतराचा आहे, असं लोक धरून चालतात. खरा फरक हक्काच्या जातीचा आहे.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. इथले मैल हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. म्हणून १२ मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर आणि २०० मैल म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. "२०० किलोमीटरचं आर्थिक क्षेत्र" असं छापणाऱ्यांनी एकदा गुणाकार करून बघावा. ही अंतरं आधाररेषेपासून मोजतात, आणि आधाररेषा म्हणजे सहसा ओहोटीची रेषा. २४ मैलांपर्यंतचा संलग्न पट्टा जकात, स्थलांतर वगैरेंसाठी असतो; त्याचा वाऱ्याशी संबंध नाही, तो विसरून जा. आणि कृपा करून "विशेष आर्थिक क्षेत्र" म्हणू नका. ते सेझ. जमिनीवर कुंपण घालून करसवलती देतात, ते. समुद्रातलं ते अनन्य आर्थिक क्षेत्र. वर्तमानपत्रांत हा घोळ इतक्यांदा होतो की कधीकधी बातमी समुद्राची आहे की कारखान्यांची, हे दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

प्रादेशिक समुद्र बहुतेकांना ठाऊक असतो. १९८२च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराच्या दुसऱ्या कलमानुसार तिथे किनारी राष्ट्राचं सार्वभौमत्व असतं : पाण्यावर, तळावर आणि वरच्या आकाशावरही. मुख्य अपवाद एकच, परक्या जहाजांना निरुपद्रवी मार्गक्रमणाची मुभा. बाकी जमिनीसारखंच.

आता अडखळण्याची जागा. त्याच कराराचं ५६वं कलम अनन्य आर्थिक क्षेत्राबद्दल बोलताना सार्वभौमत्व हा शब्द वापरत नाही. तिथे आहेत "सार्वभौम हक्क", तेही कामं मोजून सांगितलेले : नैसर्गिक संपत्तीचा शोध, वापर, जतन, व्यवस्थापन, आणि पाणी, प्रवाह व वारा यांपासून ऊर्जानिर्मितीसारखी आर्थिक कामं. वारा कलमात नावानिशी आहे. पण ज्या पाण्यावरून तो वाहतो, ते पाणी त्या देशाच्या प्रदेशात मोडत नाही. शब्द एकाच घराण्यातले वाटतात म्हणून लोक फसतात. फळांचा मक्ता घेतलेल्या माणसासारखं समजा. फळं दुसऱ्या कुणी तोडायची नाहीत, राखण करायची, त्यासाठी बागेत मचाण बांधायचं, सगळं त्याचं. पण बागेतून जाणाऱ्या वाटेवर तो फाटक लावू शकत नाही. (उपमा एका ठिकाणी लंगडते : मक्ता कुणीतरी दिलेला असतो, इथे वर मालक कुणीच नाही.)

या फरकातून प्रत्यक्षात काय निघतं ते बघा. अनन्य आर्थिक क्षेत्रात पवनचक्की उभारायची की नाही, कुणी उभारायची, कशी चालवायची, हे फक्त किनारी राष्ट्र ठरवतं. कलम ६० त्याला त्या बांधकामावर जकात, कर, आरोग्य, सुरक्षा यांबाबत एकट्याचा अधिकार देतं. म्हणजे "तिथे कुणाचाच कायदा नाही" हे वाक्य इथेच निकालात निघालं. पण कलम ५८ म्हणतं की त्याच पाण्यात इतर देशांना नौकानयनाचं, वरून उडण्याचं आणि तळावर तारा टाकण्याचं स्वातंत्र्य आहे. परदेशी दूरसंचार तार तुमच्या नियोजित पवनक्षेत्रातून चालली असेल, तर प्रादेशिक समुद्रात जशी परवानगी नाकारता येते तशी इथे सरसकट नाकारता येत नाही. दोघांनी एकमेकांची योग्य ती कदर ठेवायची, एवढंच करार सांगतो आणि बाकीचं वाटाघाटींवर सोडतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ सुरक्षा क्षेत्राचा. बांधकामाभोवती ते आखता येतं, पण बांधकामाच्या बाहेरच्या कडेपासून जास्तीत जास्त ५०० मीटर. सर्वमान्य आंतरराष्ट्रीय मानकांनी किंवा सक्षम आंतरराष्ट्रीय संस्थेने मुभा दिली तरच जास्त. दोन पवनचक्क्यांत दीड किलोमीटर अंतर असेल तर दोन वर्तुळांमध्ये अर्धा किलोमीटर मोकळं पाणी उरतं, आणि त्या पाण्यात नौकानयनाचं स्वातंत्र्य शाबूत असतं. "पवनक्षेत्र म्हणजे अख्खा परिसर बंद" हे गृहीतक म्हणून टिकत नाही. उलट बाजूनेही बंधन आहे : आंतरराष्ट्रीय वाहतुकीला अत्यावश्यक अशा मान्य जलमार्गात अडथळा येत असेल तिथे बांधकामच करता येत नाही.

हे वर्तुळ कागदी नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये पेचोरा समुद्रात, रशियाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, प्रिराझलोम्नाया या तेलफलाटाजवळ निदर्शनं झाल्यावर रशियाने ग्रीनपीसचं 'आर्क्टिक सनराईज' हे जहाज ताब्यात घेतलं आणि ३० जणांना अटक केली. जहाजावर झेंडा नेदरलँड्सचा होता. लवाद न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये निकाल रशियाविरुद्ध दिला, आणि युक्तिवादात ते ५०० मीटर कळीचे ठरले. फलाट तेलाचा होता खरा, पण पवनचक्कीला लागू होतं ते हेच कलम.

आणखी एक आवडतं मिथक : दूरवर पवनचक्की रोवली की देशाची सीमा तिथपर्यंत सरकते. नाही. कलम ६०मध्येच लिहिलंय की अशा बांधकामाला बेटाचा दर्जा नाही आणि स्वतःचा प्रादेशिक समुद्रही नाही.

आता एक आडवळण, पण घेण्याजोगं. जाणकार मंडळीही भूखंडमंच आणि अनन्य आर्थिक क्षेत्र एकच समजतात. भूखंडमंचावरचा, म्हणजे समुद्रबूड जमिनीवरचा हक्क किनारी राष्ट्राला आपोआप मिळतो, घोषणेची गरज नाही. पण तो तळाचा हक्क : तेल, वायू, खनिजं, तळाला चिकटून राहणारे जीव. वारा तळात नसतो. ब्रिटनने १९६४च्या भूखंडमंच कायद्यावर उत्तर समुद्रातलं तेल काढलं, पण १२ मैलांपलीकडे पवनचक्क्या उभारायची वेळ आली तेव्हा तो कायदा पुरेना. म्हणून २००४च्या ऊर्जा कायद्यात 'नवीकरणीय ऊर्जा क्षेत्र' नावाचा वेगळाच पट्टा निर्माण करावा लागला. पूर्ण अनन्य आर्थिक क्षेत्र त्यांनी लागू केलं ते थेट २०१४ मध्ये. भारताचं तसं नाही. १९७६च्या आपल्या सागरी क्षेत्र कायद्यात अनन्य आर्थिक क्षेत्राच्या कलमातच भरती-ओहोटी, वारा आणि प्रवाह यांपासून ऊर्जा हे शब्द आहेत. जागतिक करार व्हायच्या सहा वर्षं आधी. मला याचं दरवेळी कौतुक वाटतं.

त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की देशातला एखादा कायदा अनन्य आर्थिक क्षेत्राला लागू करायचा तर केंद्र सरकारने अधिसूचना काढावी. ती तरतूद का, हे आता उघड आहे. १२ मैलांच्या आत देशाचे कायदे असतातच. बाहेर ते न्यावे लागतात, आणि करार जेवढं देतो तेवढेच नेता येतात. पवनक्षेत्राला कामगार कायदा कुठला, पर्यावरण परवानगी कुणाची, असे प्रश्न पडले की आधी हे बघायचं.

देशांतर्गत वाटणी हा मात्र निराळा विषय, तो यात मिसळू नका. जर्मनीत १२ मैलांच्या आत राज्यांचा अधिकार, बाहेर संघराज्याचा, म्हणजे दोन्ही रेषा जुळतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांची हद्द ३ मैलांवर संपते, टेक्सासची आणि मेक्सिकोच्या आखाताकडच्या फ्लोरिडाची साधारण ९ मैलांवर, तर देशाचा प्रादेशिक समुद्र १९८८ पासून १२ मैलांचा. तिथे ३ ते १२ मैलांमधलं पाणी देशाच्या सार्वभौमत्वाखाली आहे, पण राज्याच्या ताब्यात नाही.

आणि एवढं सगळं नीट वेगळं केल्यावरही वीज किनाऱ्यावर आणावीच लागते. पवनक्षेत्र ६० मैलांवर असलं तरी त्याची तार प्रादेशिक समुद्र ओलांडून, किनारपट्टीच्या नियमांतून, कुणाच्या तरी जमिनीवर येते. त्यामुळे चक्क्यांची फाइल एका हक्काखाली आणि शेवटच्या १२ मैलांच्या तारेची दुसऱ्याखाली चालते. बातमीत मात्र दोन्हींना मिळून एकच "परवानगी" म्हणतात.