मार्शलची शीर आणि इथेनॉल: एट्रियल फिब्रिलेशनच्या एका उपचाराची पार्श्वभूमी

गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत डोके व मानेकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा असतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. पुढे डावीकडचे रक्त एका आडव्या शिरेतून उजवीकडे वळते, उजवी शीर ऊर्ध्व महाशीर म्हणून वाढते आणि डावी आक्रसत जाते. हजारात साधारण तीन ते पाच जणांत ती आयुष्यभर मोठ्या आकारात टिकते. बाकी सर्वांत डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) मागच्या बाजूला तिचा एक तंतुमय पट्टा आणि त्यातून तिरकी जाणारी एक बारीक शीर एवढाच अवशेष उरतो. लंडनमधील शल्यचिकित्सक व शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये रॉयल सोसायटीसमोर मांडलेल्या निबंधात मानवाच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या महाशिरांचा विकास तपशिलाने मांडला आणि या अवशेषाचे वर्णन केले. तो पट्टा आज मार्शल लिगामेंट म्हणून आणि ती शीर मार्शलची शीर म्हणून ओळखली जाते. मार्शल यांच्यापुढे कोणताही रुग्ण नव्हता, प्रश्न केवळ भ्रूणविकासाचा होता. त्यांनी टिपलेली शीर पुढे उपचाराची वाट ठरली, यात निखळ शरीररचनाशास्त्राचे मोल दिसते असे मला मनापासून वाटते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांचे आकुंचन एका तालात होत नाही. त्यांची भिंत नुसती थरथरत राहते, नाडी अनियमित होते आणि डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होऊ शकतो. औषधांनी ताल टिकत नसेल, तर दोष निर्माण करणारा स्नायूच निकामी करावा, हा विचार शस्त्रक्रियेतून पुढे आला. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये अलिंदात ठरावीक रेषांवर छेद व टाके घेऊन विजेच्या लहरींना भरकटण्यास जागाच न ठेवणारी ‘मेझ’ शस्त्रक्रिया केली. ती प्रभावी होती, पण त्यासाठी छाती उघडावी लागे. शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, म्हणजे कॅथेटरने, करायच्या उपचाराला खरी दिशा मिळाली ती १९९८ मध्ये. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आइसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की, फिब्रिलेशन सुरू करणारे बहुतांश अवांतर ठोके फुप्फुस शिरांच्या मुखाशी असलेल्या स्नायूंतून उगम पावतात. त्या शिरा अलिंदापासून विद्युतदृष्ट्या तोडणे हा तेव्हापासून अॅब्लेशनचा, म्हणजे कॅथेटरने स्नायू जाळून निकामी करण्याच्या उपचाराचा, पाया झाला.

अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये हा उपाय चांगला लागू पडला. आठवडे किंवा महिने टिकून राहणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये मात्र तो अपुरा पडत राहिला. मग आणखी काही जाळावे असे ओघानेच सुचले आणि अलिंदात जादा रेषा ओढण्याच्या व गुंतागुंतीचे विद्युतसंकेत देणाऱ्या जागा नष्ट करण्याच्या पद्धती रूढ झाल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार एएफ टू’ या ५८९ रुग्णांच्या चाचणीने या समजुतीला मोठा धक्का दिला. केवळ फुप्फुस शिरा तोडलेल्या गटात १८ महिन्यांनंतर ५९ टक्के रुग्ण फिब्रिलेशनमुक्त होते, तर जादा रेषा ओढलेल्या गटात ४६ टक्के. अधिक जाळल्याने अधिक लाभ होत नाही, असा या निष्कर्षाचा अर्थ अनेकांनी लावला. दुसरी शक्यताही होती: ओढलेल्या रेषा भिंतीच्या संपूर्ण जाडीतून आरपार गेल्याच नसतील.

ही शक्यता ज्या जागी सर्वाधिक खरी ठरते, ती म्हणजे डाव्या खालच्या फुप्फुस शिरेपासून मिट्रल झडपेच्या (डावे अलिंद व त्याखालचा कप्पा यांमधील झडपेच्या) कड्यापर्यंतची चिंचोळी पट्टी. या पट्टीतून विजेची लहर झडपेभोवती फिरत राहिली, तर फिब्रिलेशन थांबूनही रुग्णाला एक हट्टी जलद ताल मागे उरतो. पट्टी अडवायची म्हणून कॅथेटरने आतून उष्णता दिली, तरी बाहेरच्या थरातील स्नायुतंतू अनेकदा वाचतात, कारण तेथे भिंत जाड असते आणि जवळूनच कोरोनरी सायनस ही मोठी शीर जाते. तिच्यातील वाहते रक्त उष्णता सोबत घेऊन जाते. बोर्दो येथील पियेर जाइस व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या रेषेचे तंत्र मांडले, तेव्हा अर्ध्याहून अधिक रुग्णांत कोरोनरी सायनसच्या आतूनही ऊर्जा द्यावी लागली होती.

बाहेरच्या थरातून जाणारे हे तंतू कोणते, याचा शोध दुसऱ्या वाटेने आधीच सुरू झाला होता. बेंजामिन शेरलाग यांनी १९७२ मध्ये कुत्र्यांच्या हृदयात मार्शल लिगामेंटच्या परिसरातून विद्युतसंकेत नोंदवले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस येथील पेंग-शेंग चेन यांच्या गटाने या लिगामेंटचा अॅड्रेनलिनच्या प्रभावाखाली उद्भवणाऱ्या जलद तालांशी संबंध दाखवला. पाठोपाठ २००० मध्ये चुन ह्वांग व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मार्शलच्या शिरेतच बारीक इलेक्ट्रोड घालून तेथून सुरू होणारे ठोके टिपले. म्हणजे ज्याला आक्रसलेला अवशेष समजले जात होते, त्यात जिवंत स्नायू होता. हृदयाची गती वाढवणारे अनुकंपी व ती कमी करणारे परानुकंपी चेतातंतू होते. शिवाय कोरोनरी सायनस आणि डावे अलिंद यांना बाहेरून जोडणारा एक पूलही होता. ही शीर नेमकी त्याच त्रासदायक पट्टीवरून जाते. आतून लावलेले कॅथेटर जेथे पोहोचत नाही, तेथे ती निसर्गतःच पोहोचलेली आहे.

अल्कोहोलचा इतिहास याहून वेगळा आहे. शुद्ध इथेनॉल पेशींतील पाणी शोषते, प्रथिने गोठवते आणि पेशीपटलातील मेदद्रव्ये विरघळवते, त्यामुळे स्पर्श झालेला स्नायू काही क्षणांत मरतो. पेद्रो ब्रुगाडा व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) उद्भवणारा घातक जलद ताल थांबवण्यासाठी कोरोनरी धमनीतून इथेनॉल देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. उलरिख सिगवार्ट यांनी १९९४ मध्ये लंडन येथे, हृदयातील पडद्याचा जाड स्नायू रक्ताची वाट अडवतो अशा विकारात, त्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या शाखेत ते सोडले. तीन रुग्णांचा हा अनुभव १९९५ मध्ये छापून आला आणि आज तो एक रुळलेला उपचार आहे. धमनीच्या वाटेत मात्र मोठे भय असते. इथेनॉल उलटून मुख्य धमनीत आले, तर नको त्या भागाचा हृदयघात होतो. शिरेतून उलट्या दिशेने दिलेले इथेनॉल थेट लगतच्या स्नायूत झिरपते, आणि एक बारीक शीर बंद पडली तरी रक्ताला परतण्याच्या दुसऱ्या वाटा असतात.

ह्यूस्टन मेथडिस्ट रुग्णालयातील मिगेल वाल्देराबानो यांनी हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. प्रथम कुत्र्यांवर आणि मग मोजक्या रुग्णांवर केलेला त्यांचा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेतील किंवा जांघेतील शिरेतून कोरोनरी सायनसमध्ये जायचे, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणात मार्शलच्या शिरेचे मुख शोधायचे, अँजिओप्लास्टीची बारीक तार आत सरकवायची, तारेवरून दोन मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा फुगा नेऊन फुगवायचा, आणि मुख बंद झाल्याची खात्री पटली की थोडे थोडे करून काही मिलिलिटर इथेनॉल हळू सोडायचे, असे हे तंत्र आहे. पुढील काही वर्षांत त्यांच्या गटाने दाखवले की, यानंतर मिट्रल पट्टी अडवणे सोपे जाते आणि त्या भागातील परानुकंपी चेतांचा प्रभावही ओसरतो.

त्यांच्याच नेतृत्वाखालील ‘व्हीनस’ ही अमेरिकेतील १२ केंद्रांची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ टिकणारे फिब्रिलेशन असलेले ३४३ रुग्ण तीत होते. एकाच प्रक्रियेनंतर, तालाच्या औषधांविना, सहा व बारा महिन्यांच्या दोन्ही तपासण्यांत तालदोषापासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण केवळ अॅब्लेशनच्या गटात ३८ टक्के, तर इथेनॉलची जोड दिलेल्या गटात ४९.२ टक्के होते. हा फरक माफक आहे, आणि तो माफक म्हणूनच वाचला पाहिजे. इथेनॉलच्या गटातील १८५ रुग्णांपैकी १५५ जणांतच ते यशस्वीपणे देता आले, ही बाबही सोबत वाचावी लागते. पुढच्या विश्लेषणात अनुभवी केंद्रांत आणि मिट्रल पट्टी पूर्णपणे अडवली गेलेल्या रुग्णांत लाभ अधिक आढळला. माझ्या मते ‘व्हीनस’मधील सर्वांत बोलका निष्कर्ष हाच आहे, कारण इथेनॉलचे काम अर्धवट रेषा पुरी करण्याचे आहे या मूळ तर्काला तो दुजोरा देतो.

बोर्दो येथील निकोलास देर्व्हाल व सहकाऱ्यांनी इथेनॉललाच पहिली पायरी करून, त्यानंतर फुप्फुस शिरा तोडणे व ठरावीक रेषा ओढणे असा क्रम बांधला आणि त्याला ‘मार्शल प्लॅन’ असे नाव दिले. चीनमधील १२ रुग्णालयांत झालेल्या ‘प्रॉम्प्ट एएफ’ या ४९८ रुग्णांच्या चाचणीने २०२४ च्या अखेरीस असाच कल दाखवला. इथेनॉल व रेषा यांची जोड दिलेल्या गटात वर्षभरानंतर ७०.७ टक्के, तर केवळ फुप्फुस शिरा तोडलेल्या गटात ६१.५ टक्के रुग्ण औषधांविना तालदोषमुक्त होते.

धोकेही आहेत. शिरेची भिंत फाटणे आणि हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त किंवा द्रव साचणे हे त्यांतील मुख्य होत, आणि द्रव काही दिवसांनंतरही साचू शकतो म्हणून रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. दरम्यान, उष्णतेऐवजी विजेच्या अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या स्पंदांनी स्नायू निकामी करणारे पल्स्ड फील्ड अॅब्लेशन युरोपात २०२१ पासून व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीपासून मान्यता मिळवून वेगाने पसरत आहे. या स्पंदांना वाहत्या रक्ताची अडचण उष्णतेइतकी जाणवत नाही. तरीही मिट्रल पट्टीच्या बाहेरच्या थरापर्यंत त्यांचा परिणाम टिकाऊपणे पोहोचतो का, की तेथे मार्शलच्या शिरेतून इथेनॉल द्यावेच लागते, हा या क्षेत्रातील संशोधकांपुढचा सध्याचा प्रश्न आहे.