पार्श्वभूमी: 'निर्घृण' गुन्हा कोणाचा?

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी वेगळा कायदा मुंबई इलाख्यात १९२४ सालीच आला. १९८६ च्या देशव्यापी कायद्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा १६ होती, २००० मध्ये ती १८ झाली. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१५ चा कायदा झाला आणि निर्घृण गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. असा खटला चालवण्याआधी बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत मुलाच्या मानसिक-शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करायचे असते.

खरा गुंता 'निर्घृण' कशाला म्हणायचे यात आहे. किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असेल तरच गुन्हा निर्घृण. कमाल शिक्षा जन्मठेप असली, पण किमान ठरवलेली नसली, तर तो केवळ गंभीर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले, २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. पुण्यात मे २०२४ मध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या आलिशान गाडीखाली दोघांचा जीव गेला. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होता आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत त्याला किमान शिक्षा नव्हती. त्या मुलाला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. उलट, कोयता चालवून लूटमार केली तर किमान सात वर्षे, म्हणजे थेट निर्घृण. त्यात कोणी दगावलेले नसले तरीही. वस्तीतला मुलगा या व्याख्येत सहज सापडतो, बंगल्यातला क्वचित. पुण्यातल्या मुलाला जामीन देताना घातलेल्या निबंध लिहिण्याच्या अटीवर खूप ओरड झाली, या व्याख्येवर फारशी नाही.

जामीन दोघांनाही नियमानेच मिळतो, गुन्हा अजामीनपात्र असला तरी. पण ताबा घ्यायला सहसा पालक यावे लागतात. आई-बाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले असतील, तर मुलगा निरीक्षणगृहातच राहतो. परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो, पण पत्ताच पक्का नसेल तर घरभेट अडते. वयासाठी आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. तिच्यात दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेला १७ वर्षांचा मुलगा १९ चा ठरून प्रौढांच्या तुरुंगात जाऊ शकतो. शाळेतून मिळालेला एक कागद हाताशी असता, तर या चाचणीची वेळच आली नसती.