घरात सयाजीरावांचं नाणं सापडलं तर

देव्हाऱ्यातल्या डबीत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा (तिसरे) रुपया निघाला, तर एकच कळकळीची विनंती : घासू नका. दर लक्ष्मीपूजनाला चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून चकाकवलेल्या नाण्यावर महाराजांच्या चेहऱ्याचे बारकावे आधी पुसले जातात, आणि त्याची किंमत त्या बारकाव्यांवरच ठरते. काळपटपणा हा चांदीचा नैसर्गिक थर आहे, मळ नव्हे. हळदकुंकू चिकटलं असेल तर नाणं रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि मऊ सुती कापडावर नुसतं टिपून घ्या.

आता वाचन. एका बाजूला चेहरा आणि ‘श्री सयाजीराव म. गायकवाड’, ‘म.’ म्हणजे महाराज. दुसऱ्या बाजूला ‘एक रुपया’, संवत आणि तलवार. तांब्याच्या पैशावर चेहऱ्याऐवजी घोड्याचा खूर आणि तलवार असते. खूर म्हणून ओळखू येत नाही, बरेच जण त्याला फूल समजतात.

सगळ्यात जास्त घोळ सालाचा होतो. ‘१९५२’ दिसलं की लोक इसवी सन धरतात, पण महाराज १९३९ सालीच वारले. हा विक्रम संवत आहे, आणि गुजरातेत तो दिवाळीनंतर बदलतो. म्हणून संवत १९५२ म्हणजे १८९५ची दिवाळी ते १८९६ची दिवाळी. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, पुढच्या महिन्यांसाठी ५६.

महाराज १८७५ साली दत्तक आले, १८८१ साली पूर्ण अधिकार मिळाले. चेहऱ्याचे रुपये मात्र संवत १९४८पासूनच्या मोजक्याच वर्षांतले आहेत, कारण विसाव्या शतकाच्या तोंडाशी संस्थानाने ब्रिटिश रुपया स्वीकारला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर झालं १९०६ साली, बँक ऑफ बडोदा निघाली १९०८ साली. म्हणजे ज्या कामांमुळे महाराष्ट्र त्यांचं नाव घेतो, त्यातली कितीतरी या नाण्यांनंतरची.

खरंखोटं पाहताना आधी कड बघा. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ दिसते, पृष्ठभागावर टाचणीएवढी छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास हवं. झिजलेलं थोडं कमी भरेल. वरच्या कडेला डाखाचा (कडी जोडल्याचा) डाग असेल तर नाणं कधीतरी माळेत ओवलेलं होतं. ते खरंच असतं, पण भाव बराच उतरतो.

ठेवताना पीव्हीसीचे मऊ पाकीट टाळा, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. परदेशी नातेवाइकांना भेट म्हणून पाठवू नका : शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

नाणं आमच्या दुकानात आणताना कागदात गुंडाळून आणा. वजन आणि वाचन आम्ही तुमच्यासमोरच करतो.