मोबाईलवरची नोट कॉम्प्युटरवर कशी यायला लागली, थोडी पार्श्वभूमी

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभं राहून जॉबची मापं मोबाईलच्या नोटमध्ये टाकली की ऑफिसात कोटेशन करणाऱ्याला ती लगेच स्क्रीनवर दिसतात, आता यात कुणाला नवल वाटत नाही. पण इथवर यायला बरीच वर्षं गेली आणि माझ्या मते सगळी भानगड एकाच गोष्टीची होती, खरी प्रत कुणाकडं? खिशात, टेबलावर, का तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर.

आधी ती टेबलावरच असायची. १९९६ ला पाम कंपनीचा पायलट, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, आला, तो स्टँडमध्ये ठेवून बटण दाबायचं, वायरीतून दोन्हीकडचं जुळायचं, याला हॉटसिंक म्हणायचे. एकच नोट दोन्हीकडं बदललेली असली तर तो दोन्ही ठेवायचा, निवड तुमची. आपल्याकडं तो फार कुणी बघितला नाही, आपली गाडी सुरू झाली नोकियाच्या पीसी सूटपासून, म्हणजे फोन कॉम्प्युटरला जोडायच्या सॉफ्टवेअरपासून. त्यात नोट्स आउटलुकला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ईमेलच्या सॉफ्टवेअरला, जोडायची सोय होती पण आउटलुक कोण वापरतंय, राजारामपुरीतनं केबल आणली ती गाणी आणि नंबर टाकायला. आयफोनचं तर अजून भारी, २००७ ला आला आणि त्यातल्या नोट्स कॉम्प्युटरशी जुळायला २००९ उजाडलं.

२००८ ला एव्हरनोट हे नोट्सचं ॲप आलं आणि वायर गेली. खरी प्रत सर्व्हरवर, मोबाईल आणि कॉम्प्युटर दोघं तिथनंच घेणार. आतली युक्ती साधी आहे, प्रत्येक बदलाला सर्व्हर चढता नंबर देतो, मोबाईल विचारतो माझ्याकडं अमुक नंबरपर्यंत आहे, पुढचं काय ते दे. त्यामुळं दरवेळी सगळं उतरवून घ्यावं लागत नाही, आणि तेव्हाच्या टूजी नेटवर ही लई मोठी गोष्ट होती.

आता मराठीचं वेगळंच दुखणं. प्रेसमधल्या आणि डीटीपीवाल्यांच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्ट, म्हणजे आत साठवलेली अक्षरं भलतीच, फक्त त्या फॉन्टमुळं मराठी दिसणारी. तो मजकूर नोटमध्ये पेस्ट केला की मोबाईलवर नुसता कचरा, आणि मोबाईलवर युनिकोडमध्ये (म्हणजे सगळीकडं एकच अक्षर-कोड असलेल्या पद्धतीत) लिहिलेली पत्रिका पेजमेकर या छपाईची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की तिथं कचरा. सिंक बरोबर झालेलं असायचं, वाचता मात्र यायचं नाही! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण अँड्रॉइडवर जोडाक्षरं नीट दिसायला लागली ती २०११ च्या ४.० आवृत्तीपासून, त्याआधी बऱ्याच फोनवर नुसते चौकोन. म्हणून जुनी माणसं अजूनही नोटमध्ये मराठी इंग्रजी अक्षरात लिहितात, "gul 2 rave" असं काहीतरी (म्हणजे गूळ २ रवे, रवा म्हणजे गुळाची ढेप).

मार्च २०१३ ला गूगलचं नोट ॲप, कीप, आलं. त्याच्या आठवडाभर आधी गूगलनं रीडर (वेबसाइटवरचं नवीन लिखाण एका जागी वाचायची सेवा) बंद करतोय म्हणून जाहीर केलेलं आणि त्यांची नोट्सची जुनी सेवा, गूगल नोटबुक, तर आधीच गुंडाळलेली, त्यामुळं लोक म्हणाले हे किती दिवस टिकणार? टिकलं की अजून. उलट एव्हरनोटनं २०१६ ला फुकटवाल्यांना दोनच डिव्हाइस ठेवली आणि २०२३ अखेर ५० नोट्स. तेव्हा बरेच जण जोपलिन, ऑब्सिडियन या ॲपकडं गेले, तिथं मार्कडाउनवर, म्हणजे थोड्या खुणा घातलेल्या साध्या मजकुरावर, काम चालतं, ऑब्सिडियनमध्ये तर प्रत्येक नोट आपल्याच डिस्कवरची एक फाइल.

पण फक्त आपल्या डिस्कवर ठेवणं कोल्हापुरात मला पटत नाही. २०१९ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरला पाणी होतं, शिरोलीजवळ हायवे बंद. अशा वेळी खालच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर गेला की प्रत गेली, एक प्रत गावाबाहेर पाहिजेच. आणि नेट नसताना मोबाईलमधली उघडली पाहिजे, हे दोन्ही जमणारं ॲपच घ्यावं.

खरं सांगायचं तर आपल्याकडचं सगळ्यात मोठं नोट ॲप व्हॉट्सॲपच आहे. २०१५ ला व्हॉट्सॲप वेब आलं, म्हणजे तेच कॉम्प्युटरवर दिसायला लागलं, तेव्हापासून एकट्याचा ग्रुप करून त्यात मापं आणि भाव टाकायची सवय लागली, २०२२ ला कंपनीनं स्वतःलाच मेसेज करायची सोय दिली. फक्त एडिट करायला १५ मिनिटं मिळतात, त्यामुळं कालचा भाव बदलता येत नाही, खाली नवीन लिहायचा आणि कोटेशनवाल्यानं कुठला खरा ते विचारायला फोन करायचा.