ठणकणारी दाढ सुईला का जुमानत नाही?

‘तीन सुया मारल्या तरी दाढ बधिर झाली नाही, औषधच डुप्लिकेट असणार.’ दाढेला पू झालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. दुसरं लाडकं कारण म्हणजे ‘रोज पिणाऱ्याला भूल चढत नाही’. बहुतेक वेळा औषध चोख असतं आणि पेशंट निर्व्यसनी. घोळ घातलेला असतो प्रोटॉननं, म्हणजे हायड्रोजनच्या धनप्रभारित कणानं.

दातांसाठी सर्रास वापरतात ते भुलीचं औषध म्हणजे लिग्नोकेन. त्याचा धागा निघतो बार्लीपासून. बार्लीतल्या ग्रामीन नावाच्या रसायनावर काम करताना स्वीडनमध्ये होल्गर एर्टमन यांनी त्याचा भाऊबंद आयसोग्रामीन तयार केला, जिभेवर ठेवून पाहिला, आणि जीभ बधिर झाली. (नवा पदार्थ चाखून बघायची तेव्हा रीतच होती. आज असं केलं तर प्रयोगशाळेतून हाकलतील.) पुढे १९४३ मध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःलाच टोचून पाहिलं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं.

या रेणूचे तीन भाग आहेत. एका टोकाला बेन्झीनचं कडं, त्याला चरबीची ओढ. मध्ये अमाइडचा दुवा. दुसऱ्या टोकाला एक नायट्रोजन, आणि सगळी गंमत या नायट्रोजनची. तो प्रोटॉन धरतो किंवा सोडतो. धरला की रेणूवर धनप्रभार येतो. असा रेणू पाण्यात छान विरघळतो, पण नसेच्या चरबीच्या पडद्यातून आत जाऊ शकत नाही. सोडला की आत जाऊ शकतो, पण पाण्यात नीट विरघळत नाही.

कार्ट्रिजमध्ये (सिरिंजमध्ये बसवायच्या औषधाच्या नळीत) औषध विरघळलेलं हवं म्हणून ते हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून भरतात. शिवाय सोबतचं, रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनलिन आम्लात जास्त टिकतं, म्हणून द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास ठेवतात. सुई देताना चुणचुणतं त्यात या आम्लाचा वाटा मोठा. हिरडीत गेल्यावर शरीरातलं बायकार्बोनेट हे आम्ल मारतं, काही रेणू प्रोटॉन टाकतात आणि पडदा ओलांडून नसेत शिरतात. आत गेल्यावर तेच रेणू पुन्हा प्रोटॉन धरतात, आणि हे प्रभारित रेणू सोडियमच्या दारात, म्हणजे नसेच्या पडद्यातल्या सोडियम आत घेणाऱ्या वाटेत, आतल्या बाजूनं अडकून बसतात. सोडियम आत येईना, की वेदनेचा संदेश पुढे सरकेना.

म्हणजे देवळात जाण्यासारखं: चपला बाहेर काढल्याशिवाय आत प्रवेश नाही. फरक इतकाच, की इथं आत गेल्यावर पुन्हा चपला घालाव्या लागतात, तेव्हाच काम होतं. ही नुसती उपमा नाही. लिग्नोकेनचाच एक अवतार आहे, क्यूएक्स-३१४, ज्याच्या नायट्रोजनवर कायमचा प्रभार असतो. तो नसेच्या बाहेर सोडला तर सहसा ढिम्म परिणाम होत नाही. नसेच्या आत सोडला की दार बंद.

आता आकडे. लिग्नोकेनचा पीकेए ७.९ धरतात, म्हणजे पीएच ७.९ ला निम्मे रेणू प्रोटॉनसह आणि निम्मे प्रोटॉनविना. निरोगी हिरडीत पीएच ७.४. तिथं हा हिशेब करणारं हेंडरसन-हासेलबाल्ख समीकरण मांडलं (७.९ वजा ७.४ म्हणजे अर्धा; दहाचा अर्धा घात म्हणजे ३.१६, त्यात १ मिळवून व्यस्त घ्या) तर १०० पैकी साधारण २४ रेणू बिनप्रोटॉनचे निघतात. पू झालेल्या जागी जंतू आणि पांढऱ्या पेशी लॅक्टिक आम्ल सोडत असतात. तिथं पीएच ६.४ धरा: १०० पैकी ३. पीएच एका अंकानं उतरला आणि आत शिरू शकणारी फौज आठपट घटली! त्यात सुजलेल्या जागी रक्तपुरवठा जास्त, त्यामुळे औषध वाहूनही लवकर जातं.

मग आठपट सुया द्याव्यात का? २ टक्क्यांच्या १.८ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. लहान मुलांना किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही मर्यादा पाळतात. १५ किलोच्या पोराला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कार्ट्रिजही पूर्ण नाहीत. मर्यादा ओलांडली तर हेच औषध मेंदूतली आणि हृदयातली सोडियमची दारं बंद करू लागतं.

त्यापेक्षा पू काढून दाब उतरवतात, किंवा सुई दूर, निरोगी जागी देतात. दाढेकडे जाणारी नस अशी वाटेतच बधिर करणं म्हणजे ‘ब्लॉक’. खालच्या दाढेसाठीचा ब्लॉक प्रत्येक डेंटल कॉलेजात घोटून घेतला जातो. अंगठा जबड्याच्या उभ्या फांदीच्या पुढच्या खोलगट कडेवर, सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून, सुई दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून ६ ते १० मिमी वर. २० ते २५ मिमी आत गेलं की हाड लागतं. मग मिलिमीटरभर मागे यायचं, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना पाहायचं, आणि दीड मिली औषध मिनिटभर लावून सोडायचं. हाड लवकर लागलं तर सुई फार पुढे आहे. लागलंच नाही तर फार मागे. तरीही औषध सोडलं तर लाळग्रंथीतून जाणारी चेहऱ्याची नस बधिर होते आणि त्या बाजूचा डोळा काही तास मिटत नाही. शिकाऊ हातांची नेहमीची चूक मात्र सुई खाली टोचण्याची.

डोळ्यावरून आठवलं: ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीती अजून गावोगाव आहे. दातांच्या संवेदना वाहते ती कवटीतली पाचवी नस, दृष्टीची ती दुसरी. दाढ काढताना दुसरीला हात लागत नाही.

पण दूरच्या निरोगी जागी अचूक ब्लॉक देऊनही ठणकणारी दाढ कधी कधी दाद देत नाही. तिथं प्रोटॉनचा हिशेब अपुरा पडतो, हे मान्य करायला हवं. सुजलेल्या दातातल्या नसा एनएव्ही १.८ जातीची सोडियमची दारं जास्त बाळगतात आणि ती लिग्नोकेनला कमी जुमानतात. सुजेत तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं या नसांना आणखी चेतवतात; म्हणूनच, पोटाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार नसेल तर, तासभर आधी आयबुप्रोफेन हे सूज-वेदनेचं औषध दिल्यास ब्लॉक जास्त वेळा लागतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. दुसरा पर्याय आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध: बेन्झीनच्या जागी गंधकयुक्त थायोफीनचं कडं, त्यामुळे ते चांगलं झिरपतं. शिवाय त्याला एक एस्टर शेपटी आहे, ती रक्तात लवकर तुटते आणि औषध निकामी होतं. सगळंच हरलं तर दातातल्या लगद्यातच (नसा असलेल्या मऊ गाभ्यात) सुई रुतवून दाबानं औषध सोडतात. क्षणभर जीव जातो, पण काम होतं.

आणि ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं समजू नका. ड्रिल लावण्याआधी डॉक्टर कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून तो दाढेला टेकवतात. कळ आली तर तेव्हाच हात वर करा.